स्वाहिली अभिवादन व उच्चार

स्वाहिली अभिवादन व उच्चार : पूर्व आफ्रिकेतील किस्वाहिली या बांतू (आफ्रिकेतील एक मोठे भाषाकुल) भाषेत भेटताना, दारात उभे राहताना व निरोप घेताना होणारी ठरावीक प्रश्नोत्तरे आणि ती नीट बोलता यावीत यासाठी लागणारी उच्चारांची प्राथमिक माहिती. अरबी ‘साहिल’ (किनारा) या शब्दाच्या ‘सवाहिल’ या अनेकवचनावरून भाषेचे नाव पडले. ‘कि–’ हा बांतू उपसर्ग भाषावाचक आहे. येथील उच्चार झांझिबारच्या ‘किउंगुजा’ बोलीवर आधारलेल्या प्रमाण भाषेचे आहेत. १९२८ मध्ये मोंबासा येथील परिषदेत ही बोली प्रमाण धरण्याचे ठरले. मोंबासा व लामू येथील बोलींना जुन्या काव्याचा मान होता, तरी व्यापारी मार्गांनी आत दूरवर पोहोचलेली बोली झांझिबारचीच होती.

उच्चार : स्वर पाचच – आ, ए, इ, ओ, उ. मराठीतला ‘अ’ या भाषेत नाही, आणि नवशिक्या मराठी भाषकाची पहिली चूक इथेच होते. ‘हाबारी’ (बातमी, खुशाली) हा शब्द अरबी ‘खबर’चाच भाऊ असल्याने तोंडात आपोआप ‘हबरी’ येते. ‘सालामा’ (सुखरूप) म्हणताना शेवटचा ‘आ’ गळून ‘सलाम’ होतो. ‘कारीबु’च्या (या, स्वागत) जागी ‘करीब’ ऐकू येते. अरबीतून आलेल्या ‘हाबारी’, ‘कारीबु’ अशा शब्दांना स्वाहिलीने शेवटी स्वर जोडून घेतला आहे. तो गाळला की शब्द अर्धाच राहतो. ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थाला महत्त्वाचा नसल्याने देवनागरीत लिहिताना तो सोयीनुसार घ्यावा. आघात मात्र शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो व तेथे स्वर किंचित लांबतो : हा-बाऽ-री, आ-साऽन्-ते (धन्यवाद), का-रीऽ-बु. अपवाद थोडे आहेत. ‘बाराबारा’ या एकाच लेखनात ‘बा-रा-बाऽ-रा’ म्हणजे हमरस्ता आणि ‘बा-राऽ-बा-रा’ म्हणजे अगदी योग्य, बरोबर.

शेजारी आलेले दोन स्वर मिसळत नाहीत. ‘साउती’ (आवाज) तीन अक्षरांचा असून आघात ‘उ’वर येतो, तो ‘सौती’ असा दोन अक्षरांत उरकू नये. ‘म्ज़ेए’ (वडीलधारा माणूस; नुक्ता दिलेल्या ‘ज़’चा उच्चार पुढे दिला आहे) मध्ये दोन ‘ए’ वेगवेगळे मोजावेत : म्-ज़ेऽ-ए. टाळी वाजवत दर अक्षराला एक ठोका धरून वाचण्याचा सराव केल्यास ही चूक लवकर जाते.

‘म्’ आणि ‘न्’ ही व्यंजने स्वराशिवाय स्वतंत्र अक्षर होऊ शकतात. ‘म्तु’ (माणूस) हा दोन ठोक्यांचा शब्द आहे. ओठ मिटून ‘म्’ एक ठोकाभर गुणगुणावा, मगच ‘तु’ म्हणावा. ‘मतु’ किंवा ‘उम्तू’ असा आधाराचा स्वर घालण्याची खोड मराठी जिभेला लगेच लागते. हा भेद व्याकरणातही उतरतो : ‘म्तु म्बाया’ (वाईट माणूस) मधले विशेषण म्-बा-या असे तीन अक्षरांचे, तर ‘हाबारी म्बाया’ (वाईट बातमी) मधले म्बा-या असे दोनच अक्षरांचे. लेखन दोन्हीकडे सारखेच असते.

मराठीत च व ज यांचे दोन दोन उच्चार आहेत. स्वाहिलीत फक्त तालव्य (जीभ टाळूला लावून काढलेला) चालतो. ‘चाइ’ (चहा) मधला च ‘चेंडू’तला आहे, ‘चमचा’तला नव्हे. ‘जाम्बो’ म्हणताना ‘जांभूळ’ आठवले की ज दातांकडे सरकतो, म्हणून तो ‘जीव’, ‘जेवण’ यांतल्यासारखा घ्यावा. स्वाहिलीत दंत्य ज नाही. त्याच्या जवळ वाटणारा ध्वनी ‘ज़’ (येथे नुक्ता देऊन दाखवला आहे) हा निव्वळ घर्षणाचा आहे, त्यात ‘द’चा स्पर्श नाही. शिवाय ब, द, ग, ज हे शब्दारंभी श्वास आत ओढल्यासारखे, स्वरयंत्र खाली नेऊन उच्चारले जातात. सिंधीत असे ध्वनी आहेत. अनुनासिकानंतर ते साधे होतात. नवशिक्याने साधे ब-द काढले तरी अर्थ बिघडत नाही.

रोमन लेखनातील ‘टी-एच’, ‘डी-एच’ व ‘जी-एच’ या जोड्या मराठी वाचकाला थेट थ, ध, घ वाटतात, आणि तिन्ही वेळा फसगत होते. हे ध्वनी महाप्राण (‘ह’ची फुंकर मिसळलेले) नसून घर्षक (हवा घासत सोडून काढलेले) आहेत. पहिल्या दोन्हींत जिभेचे टोक दातांत किंचित धरून हवा सोडायची : एकात घोष नाही, दुसऱ्यात आहे. तिसरा घशाजवळ घासत येतो. ज्यांना ते जमत नाहीत त्यांनी थ-ध म्हणण्यापेक्षा स-ज़ म्हणावे, कारण अंतर्भागातले अनेक आफ्रिकी भाषक तसेच बोलतात आणि ऐकणाऱ्याला त्याची सवय असते. ‘व’चेही दोन ध्वनी आहेत. ओठ गोल करून काढलेला ‘वाज़ी’ म्हणजे उघडे, स्पष्ट. दात खालच्या ओठाला लावून काढलेला ‘वाज़ी’ म्हणजे वस्त्र. मराठीत दोन्हींना एकच अक्षर असल्याने कानाला वेगळे शिक्षण द्यावे लागते. ‘त’ हा मराठी त आणि ट यांच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीवर लागतो. ‘एन-जी’नंतर वरच्या बाजूला स्वल्पविरामासारखे चिन्ह (’) असेल तर निव्वळ ङ : ‘ङोम्बे’ (गाय). चिन्ह नसेल तर ग ऐकू येतो : ‘ङ्गुओ’ (कपडा). किनाऱ्यावर प, त, क यांचे महाप्राण उच्चारही आहेत, पण ते लेखनात दिसत नाहीत. ‘पाआ’ म्हणजे छप्पर आणि ‘फाआ’सारखा म्हटला तर हरीण. फ-प भेद जाणणाऱ्या मराठी कानाला तो सहज कळतो.

जाम्बो : ‘जाम्बो’ म्हणजे बाब, गोष्ट, अनेकवचन ‘माम्बो’. ‘–आम्बा’ (म्हणणे) या बांतू धातूशी बहुतेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. पर्यटकांना ऐकवले जाणारे सुटे ‘जाम्बो!’ हे मूळ अभिवादन नव्हे. खरे रूप ‘हुजाम्बो?’ : ‘हु–’ हा द्वितीयपुरुषी एकवचनाचा नकारदर्शक उपसर्ग, म्हणून अर्थ ‘तुला काही (अडचण) नाही ना?’ उत्तर ‘सिजाम्बो’ – ‘मला काही नाही’. अनेकांना ‘हाम्जाम्बो?’, त्यांचे उत्तर ‘हातुजाम्बो’. तिसऱ्याविषयी विचारताना ‘हाजाम्बो?’ व ‘हावाजाम्बो?’, आणि उत्तरही तेच, फक्त सूर खाली. क्रियापदाचा उपसर्ग नामाला कसा लागला, हा वादाचा मुद्दा आहे. ‘हुना जाम्बो’ (तुझ्याकडे बाब नाही) यातले ‘ना’ झिजले असे एक मत. क्रियापदाविना वाक्य करण्याची ही जुनी रीत आहे असे दुसरे. पहिले मत रूपांचा संपूर्ण संच सहज उलगडते, म्हणून ते अधिक पटते. ‘हुजाम्बो?’ला ‘जाम्बो’ असे उत्तर दिले की समोरचा या माणसाला भाषा येत नाही असे धरून चालतो.

शिकामोओ : वयाने मोठ्या व्यक्तीला करायचे अभिवादन, उत्तर एकच, ‘माराहाबा’ (अरबी ‘मरहबा’). आघात ‘मो’वर : शि-का-मोऽ-ओ. ‘–शिका’ म्हणजे धरणे, ‘म्गूउ’ म्हणजे पाय. ‘नाशिका’ (मी धरतो) या रूपाने सुरू होणाऱ्या ‘मी तुमचे पाय धरतो’ अशा वाक्याचा हा संक्षेप आहे, यावर साधारण एकमत दिसते. ‘मोओ’ हे ‘म्गूउ’ या एकवचनाचे झिजलेले रूप की ‘मिगूउ’ या अनेकवचनाचे, हे ठरलेले नाही. सामाजिक उगमावर अधिक वाद आहे. दासाने धन्याला करायचा हा नमस्कार होता असे म्हणतात, आणि झांझिबारमध्ये गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८९७ पर्यंत टिकली होती. मात्र आजच्या टांझानियात तो केवळ वयाचा मान आहे. मराठीतले ‘पाया पडतो’ ज्या सहजतेने म्हटले जाते, तीच सहजता येथे आहे. समवयस्काला म्हटल्यास त्याला म्हातारे ठरवल्यासारखे होते. मोठ्याला न म्हणणे उद्धटपणाचे. अनेकांना ‘शिकामोओनी’. केनियाच्या अंतर्भागात तो कमी ऐकू येतो.

प्रश्नमालिका : अभिवादन एका शब्दात संपत नाही. सकाळी तरुण माणूस शेजारच्या बाईंना भेटला तर :
‘शिकामोओ, मामा.’ (‘मामा’ म्हणजे आई.)
‘माराहाबा. हाबारी ज़ा आसुबुही?’ (सकाळची खुशाली?)
‘न्ज़ुरी. हाबारी ज़ा न्युम्बानी?’ (चांगली. घरची?)
‘सालामा.’
‘ना वातोतो, हावाजाम्बो?’ (आणि मुले बरी ना?)
‘हावाजाम्बो.’
मगच कामाचे बोलणे. दुपारी ‘म्चाना’, संध्याकाळी ‘जिओनी’. प्रवासाची ‘साफारी’, कामाची ‘काज़ी’. पहिले उत्तर नेहमी चांगलेच द्यायचे. घरात आजारपण असले तरी आधी ‘न्ज़ुरी’, मग ‘लाकिनी’ (मराठीत कानावर असलेला ‘लेकिन’) म्हणून खरी हकिकत. ‘म्ज़ुरी’ हे माणसाला लागणारे रूप केनियात उत्तरादाखल सर्रास ऐकू येते. ‘हाबारी’शी मेळ मात्र ‘न्ज़ुरी’चाच. समवयस्क तरुणांत ‘माम्बो?’ किंवा ‘माम्बो विपी?’, उत्तर ‘पोआ’ (थंड झाले आहे) किंवा ‘साफी’ (स्वच्छ, छान). वडीलधाऱ्याला ‘माम्बो’ म्हणू नये. हात उजवाच द्यावा. आदर दाखवायचा असल्यास डावा हात उजव्या मनगटाजवळ टेकवतात.

दाराशी ‘होदी!’ अशी हाक घालतात, आतून ‘कारीबु’ येते. अरबी ‘करीब’ (जवळ) म्हणजे ‘जवळ या’. तीन हाकांना उत्तर न आल्यास परत फिरण्याची रीत आहे. थकलेल्याला, ठेच लागलेल्याला, प्रवासाहून आलेल्याला ‘पोले’ म्हणतात. यात चूक कबूल करणे नसून सहानुभूती आहे. उत्तर ‘आसान्ते’ किंवा ‘निमेशापोआ’ (केव्हाच निवळले).

निरोपाला ‘क्वा हेरी’. ‘हेरी’ म्हणजे अरबी ‘खैर’. अनेकांना ‘–नी’ जोडून ‘क्वा हेरीनी’, जसे ‘कारीबुनी’. समूहापुढे एकवचनी रूप वापरण्याची चूक फार होते. पुन्हा भेटायचे असेल तर ‘क्वा हेरी या कुओनाना’ असे पुरते म्हणतात.