शेजाऱ्याशी बोलायला लंडनचा वळसा: सीमापार ब्रॉडबँडची पार्श्वभूमी

दोन शेजारी विकसनशील देशांमध्ये इंटरनेटची केबल टाकायचा विषय निघाला की बोलणे लगेच पैशांवर येते. किलोमीटरला खर्च किती, कर्ज कोण देणार, खोदाई कोणाची? पण मागची पन्नासेक वर्षे चाळली तर पैसे आणि खोदाई हीच त्यातली सोपी बाजू ठरलेली दिसते. घोडे अडत आले आहे ते सीमेवरच्या शेवटच्या काही मीटरवर. त्याहूनही जास्त अडले आहे ते या केबलमधून कोणाची रहदारी, कोणाच्या परवान्यावर आणि काय भावाने जाणार, या प्रश्नावर.

याचे मूळ तारायंत्राच्या काळात सापडते. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने एडन, सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. १९०२ पर्यंत ब्रिटिशांनी साम्राज्याच्याच मुलखातून जाणारी, पृथ्वीला वेढा घालणारी तार पूर्ण केली. नकाशावर साम्राज्य लाल रंगात दाखवत, म्हणून ती 'ऑल रेड लाइन'. या तारांचा हेतू वसाहत आणि राजधानी यांना जोडण्याचा होता. दोन वसाहतींना एकमेकींशी काय बोलायचे असेल, हा प्रश्न कोणाला पडायचे कारणच नव्हते. फ्रेंचांचा आयव्हरी कोस्ट आणि इंग्रजांचा घाना यांची सीमा एक, पण स्वातंत्र्यानंतरही आबिदजानहून अक्राला फोन लावायचा तर तो पॅरिस आणि लंडनच्या एक्स्चेंजमधून फिरून जायचा. द्राविडी प्राणायामाचे इतके शुद्ध उदाहरण क्वचितच मिळेल, आणि त्याचे पैसेही मधल्या दोन राजधान्यांना मोजावे लागत.

हे मोडायचा पहिला मोठा प्रयत्न आफ्रिकेत 'पानाफटेल' नावाने झाला. सत्तरच्या दशकात शेजारी देशांना थेट जोडणारी मायक्रोवेव्हची, म्हणजे मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे जाणाऱ्या बिनतारी लहरींची, साखळी उभारायला सुरुवात झाली. मनोरे उभे राहिले, पण शेजाऱ्यांमध्ये दरांचे आणि हिशेबाचे करार वेळेवर झाले नाहीत. त्यामुळे यंत्रणा तयार असूनही काही टप्प्यांवरचे फोन जुन्या वाटेनेच फिरत राहिले. हा धडा तेव्हाच घेतला असता तर पुढची बरीच वर्षे वाचली असती, असे मला वाटते. १९८४ च्या अखेरीस सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाला अहवाल दिला. संपूर्ण आफ्रिका खंडात आहेत त्याहून जास्त टेलिफोन एकट्या टोकियोत आहेत, हे त्यातले निरीक्षण पुढे जगभर उद्धृत होत राहिले. अहवालाने गरीब देशांतल्या टेलिफोनची टंचाई जगापुढे मांडली. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या तुटलेल्या दुव्याकडे मात्र त्यानंतरही फार कोणाचे लक्ष गेले नाही.

आता कायद्याची गंमत पाहू. समुद्रात केबल टाकायला मुभा आहे. १८८४ च्या पॅरिस करारापासून समुद्री तारांना संरक्षण आहे आणि १९८२ च्या सागरी कायद्याने खुल्या समुद्रात केबल टाकण्याचे स्वातंत्र्य सर्व राष्ट्रांना दिले. याच कायद्यात समुद्रकिनारा नसलेल्या देशांना शेजाऱ्याच्या भूमीतून वाट मिळण्याचा हक्कही आहे, पण त्या 'वाटे'च्या व्याख्येत माणसे, सामान, माल आणि वाहतुकीची साधने येतात. तेलवाहिन्या आणि वायुवाहिन्यांचा उल्लेखसुद्धा आहे, तोही दोघांची संमती असेल तर. दूरसंचार केबलचे नाव कुठेच नाही. म्हणजे भूवेष्टित देशाला आपली केबल किनाऱ्यापर्यंत न्यायची असेल तर सगळी भिस्त शेजाऱ्याच्या मर्जीवर.

ही मर्जी किती महाग पडते, ते चाडमध्ये दिसले. चाडमधल्या डोबा तेलक्षेत्रापासून कॅमेरूनच्या क्रिबी किनाऱ्यापर्यंत १,०७० किलोमीटरची तेलवाहिनी २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यासोबत ऑप्टिकल फायबरही टाकलेला होता, वाहिनीवर देखरेख ठेवण्यासाठी. थोडक्यात, भूवेष्टित चाडपासून समुद्रापर्यंत काचेचा धागा पोचला होता, खोदाई झाली होती, खर्चही झाला होता. तरीही चाडच्या सामान्य ग्राहकांपर्यंत कॅमेरूनमार्गे फायबरचे इंटरनेट पोचायला त्यानंतर कित्येक वर्षे जावी लागली. तोवर भरवसा उपग्रहावर.

किनारा असलेल्यांचेही सगळे सुरळीत नव्हते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने जाणारी सॅट-३ ही केबल २००२ मध्ये सुरू झाली. ती ज्या देशात उतरत होती तिथे तिची चावी सहसा एकाच सरकारी कंपनीच्या हाती होती. त्या कंपनीने दर उपग्रहाच्या आसपास ठेवले तरी विचारणारे कोणी नव्हते. शेजारच्या भूवेष्टित देशाने बँडविड्थ, म्हणजे केबलमधून माहिती नेण्याची क्षमता, मागितली तर त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागे. केबल आली आणि इंटरनेट महागच राहिले, असे तिथे झाले.

पूर्व किनाऱ्यावर तर २००९ पर्यंत समुद्री फायबरच नव्हता. तिथली 'इझी' ही केबल २००३ मध्ये ठरली आणि पुढे काही वर्षे ते घोंगडे भिजतच पडले. भांडण मालकीचे होते. कंपन्यांना सॅट-३ सारखा सभासदांपुरता क्लब हवा होता. सरकारांचा, आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या विकास बँकांचा, आग्रह होता की परवानाधारक कोणीही आला तरी त्याला त्याच दराने क्षमता मिळाली पाहिजे. २००६ चा किगाली करार त्यातूनच निघाला. शेवटी तोड निघाली ती अशी की अनेक आफ्रिकी दूरसंचार कंपन्यांनी मिळून एक सामाईक कंपनी काढायची, विकास बँकांनी तिला कर्ज द्यायचे आणि तिने भूवेष्टित देशांसकट सर्वांना क्षमता विकायची. तोवर केनिया वैतागला होता. त्याने वाट न पाहता संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहपर्यंत स्वतःची 'टीम्स' केबल टाकायला घेतली आणि ती २००९ मध्ये मोंबासाला पोचली. त्याच वर्षी जुलैत खासगी 'सीकॉम' सुरू झाली. इझीला २०१० उजाडले. एका किनाऱ्यावर वर्षभरात तीन केबल आल्यावर युगांडा, रवांडा यांसारख्या देशांना मोंबासा की दार-ए-सलाम, असा पर्याय मिळाला. माझ्या मते खरा बदल घडवला तो या पर्यायाने. एका वाटेवर मालक अडून बसला तर माल दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो, हे मालक आणि ग्राहक दोघांनाही कळले की भाव आपोआप नरमतो.

केबल पोचली तरी रहदारी शेजाऱ्याकडे वळतेच असे नाही. नैरोबीतले दोन ग्राहक दोन वेगळ्या कंपन्यांचे असतील तर नव्वदच्या दशकात एकाचा ईमेल उपग्रहावर चढून अमेरिकेत उतरे आणि तिथून पुन्हा उपग्रहावर चढून नैरोबीत येई. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. या फेऱ्यांमुळे साध्या प्रश्नोत्तराला सेकंदभर लागे आणि दोन्ही कंपन्या त्या फेऱ्यांचे डॉलर मोजत. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरून उत्तर यायला शंभरावा हिस्सा सेकंद पुरतो. हा उपग्रहाचा वळसा टाळायला केनियाच्या कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये आपसात रहदारी देवाणघेवाण करायचे इंटरनेट एक्स्चेंज सुरू केले. आंतरराष्ट्रीय रहदारीची मक्तेदारी असलेल्या सरकारी कंपनीने तक्रार केली आणि नियामकाने दोन आठवड्यांत ते बंद पाडले. परवाना मिळून ते पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २००२ लागला. सीमापारच्या देवाणघेवाणीची सुरुवात घरच्या घरी अशी अडखळत झाली.

दक्षिण आशियाची गोष्ट वेगळी आहे, पण कुळी तीच. भूतानमध्ये टीव्ही आणि इंटरनेट १९९९ मध्ये एकाच वेळी आले, आणि पुढे तिथला फायबर फुन्त्शोलिंग आणि गेलेफू येथून भारतात उतरू लागला. दोन दारे म्हणायची, पण दोन्ही वाटा पुढे सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातच मिळतात. आशियाई विकास बँकेने बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांना जोडणाऱ्या माहिती महामार्गाला २००७ मध्ये मंजुरी दिली, त्याचाही नकाशा याच भागातून जात होता. नेपाळचे सगळे इंटरनेट २०१८ पर्यंत भारतातूनच येत होते. त्या वर्षी जानेवारीत रसुवागढीच्या नाक्यावर चिनी फायबर जोडला गेला, सुरुवातीला दीड जीबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला दीड अब्ज बिट नेणारा. भारतातून येणाऱ्या क्षमतेपुढे तो किरकोळ होता, पण दुसरे दार उघडल्याची घोषणा म्हणून मोठा. मे २०२४ मध्ये नेपाळमध्ये इंटरनेट कोलमडले तेव्हा केबल शाबूत होती. नेपाळी कंपन्यांना परकीय चलन पाठवायला सरकारी मंजुरी मिळत नव्हती, थकबाकी साचली आणि भारतीय पुरवठादाराने बँडविड्थ कापली.

बांगलादेशचा प्रवास जास्त वळणांचा. नव्वदच्या दशकात समुद्री केबलमध्ये सामील होण्याची संधी त्याने सोडली. देशाची गुपिते बाहेर जातील, ही भीती त्यामागे होती असे तिथे आजही सांगतात. २००६ मध्ये कॉक्स बझारला पहिली केबल आली. तिचा जमिनीवरचा टप्पा वारंवार तुटे आणि तुटला की देशच बाहेर. २०१२ मध्ये सरकारने सहा कंपन्यांना भारतातून जमिनीमार्गे केबल आणायचे परवाने दिले, बेनापोलच्या वाटेने. त्यानंतर बांगलादेशच्या बँडविड्थचा मोठा वाटा भारतातून येऊ लागला.

उलट दिशाही उघडली. आगरताळा अखौराच्या सीमेला जवळजवळ चिकटून आहे, पण त्रिपुरातले इंटरनेट सिलिगुडीचा वळसा घालून येत असे. २३ मार्च २०१६ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सवरून कॉक्स बझार ते आगरताळा ही १० जीबीपीएसची जोडणी सुरू केली आणि त्याच दिवशी त्रिपुरातून बांगलादेशला १०० मेगावॉट वीज जाऊ लागली. मुंबई, चेन्नईनंतरचे तिसरे आंतरराष्ट्रीय प्रवेशद्वार, अशी आगरताळ्याची ओळख करून देण्यात आली.

अशा जोडण्यांत प्रत्यक्ष सीमेवर काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. सहसा दोन्हीकडच्या कंपन्या आपापल्या बाजूने झीरो पॉइंटपर्यंत, म्हणजे नेमक्या सीमारेषेपर्यंत, केबल आणतात आणि तिथल्या चेंबरमध्ये धागे एकमेकांना वितळवून जोडतात. पुढे कुठे तुटले तर इकडच्या यंत्रावर तुटीचे अंतर जवळजवळ मीटरमध्ये दिसते, अगदी पलीकडच्या हद्दीतलेही. पण इकडचा तंत्रज्ञ जोडणीचे महागडे यंत्र घेऊन पन्नास पावले पुढे जाऊ शकत नाही, कारण माणसाला प्रवेशाची आणि यंत्राला सीमाशुल्काची कागदपत्रे लागतात. त्यामुळे दुरुस्तीची वेळ करारात किती तास लिहिली आहे आणि पलीकडचे पथक तेव्हा कुठे आहे, यावर सगळे ठरते. विजेच्या उच्चदाब मनोऱ्यांवर सर्वांत वर असलेल्या भूतारेत फायबर घालायची पद्धत इथे उपयोगी पडते. दोन देशांत वीजवाहिनी असेल तर खोदाईशिवाय फायबर सीमापार जातो, फक्त तो दूरसंचाराला वापरायची परवानगी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-प्रशांत आयोगाने २०१५ पासून 'आशिया-प्रशांत माहिती महामार्ग' हाती घेतला. सुरुवातीला त्याचे चार खांब होते: जोडणी, रहदारीचे व्यवस्थापन, आपत्तीत टिकाव आणि सर्वांना ब्रॉडबँड. यातला दुसरा खांब मला सर्वांत समजूतदार वाटतो, कारण त्यात एक्स्चेंज येत होती. रस्ते आणि रेल्वेच्या कडेनेच फायबर टाकावा, ही कल्पनाही याच चर्चांमधली. भूवेष्टित देशांसाठीच्या २००३ च्या अल्माटी कार्यक्रमात भर रस्ते, रेल्वे आणि बंदरांवर होता. २०१४ च्या व्हिएन्ना कार्यक्रमापर्यंत माहिती-तंत्रज्ञानाच्या जाळ्यांना त्यांच्या शेजारी बरीच मोठी जागा मिळाली. असे कार्यक्रम परवाने देत नाहीत, ते देणारे राष्ट्रीय नियामकच.

त्याचे ताजे उदाहरण पुन्हा बांगलादेशचेच आहे. भारताच्या ईशान्येकडील राज्यांना बांगलादेशातून बँडविड्थचा पारगमन मार्ग देण्याचा प्रस्ताव तिथल्या खासगी कंपन्यांनी मांडला होता. २०२४ च्या अखेरीस दूरसंचार नियामकाने तो नाकारला. असा मार्ग दिला तर या भागाचे इंटरनेट केंद्र होण्याची आपली संधी जाईल, हे कारण पुढे आले.