फेझंट-शिकार स्पर्धेत उतरण्यापूर्वी: आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॅन्ससमधल्या आमच्या परवानाधारक शिकारक्षेत्रावर गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी फेझंट या पक्ष्याच्या शिकारीची स्पर्धा भरते. अलीकडे तिच्यात मराठी मंडळी बरीच येतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच झाली, त्यामुळे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी छऱ्याची बंदूक पूर्वी हातात धरलेली नसते. नाव नोंदवण्याआधी आणि मैदानात उतरण्याआधी माहीत असायला हव्यात अशा गोष्टी या पत्रकात दिल्या आहेत. बाकी सगळं घाईत वाचलंत तरी चालेल, पण पहिला भाग नीट वाचा.

आधी कागदपत्रं

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा एक: त्या व्यक्तीकडे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स असलं पाहिजे. ते स्वतःच्या नावावर हवं, नवऱ्याच्या किंवा मित्राच्या नावावरचं चालत नाही. ‘फक्त फोटोपुरती धरतो’ हेही चालत नाही. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अट लागू नाही, पण शिकारीसाठी लायसन्स त्यांनाही लागतंच. तुमचा व्हिसा बदलण्याच्या वाटेवर असेल किंवा कुठे शंका असेल, तर आम्हाला विचारू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

१ जुलै १९५७ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी कॅन्ससमध्ये शिकारी-शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या राज्यातलं प्रमाणपत्र इथे चालतं. स्पर्धेसाठी आम्ही ते सगळ्यांकडूनच मागतो. अभ्यासक्रम अवघड नाही, पण आदल्या रात्री उरकण्यासारखाही नाही. महिनाभर हाताशी ठेवा. भारतातून आलेले आई-बाबा प्रेक्षक म्हणून खुशाल यावेत. त्यांच्या हातात बंदूक किंवा काडतुसाची पिशवी मात्र देऊ नका, ‘जरा धरा’ म्हणूनसुद्धा नाही.

पक्षी आणि मैदान

फेझंट मोर, रानकोंबडा आणि तित्तिर यांच्या कुळातला, मूळचा आशियातला. १८८१ साली तो शांघायहून ओरेगनला आणला गेला. कॅन्ससमध्ये १९०६ साली सोडला, आणि इथल्या गहू-ज्वारीच्या पट्ट्यात चांगलाच रुळला. नराची लांबी शेपटीसकट जवळपास तीन फूट भरते, त्यातली निम्मी नुसती शेपूट. अंग तांबूस-सोनेरी, डोकं हिरवं, डोळ्याभोवती लाल कातडी, गळ्याला पांढरा पट्टा. मादी मातकट आणि लहान, गवतात पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

रानातल्या शिकारीत फक्त नर मारायला परवानगी आहे, दिवसाला चार. स्पर्धेत मात्र पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडतात, म्हणून इथे नर-मादी दोन्ही धरले जातात. ही सवय घेऊन रानात गेलात तर दंड भराल. परवानाधारक क्षेत्राचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ मार्च असा रानापेक्षा लांब असतो, पण सप्टेंबरचं ऊन कुत्र्यांना झेपत नाही म्हणून आम्ही स्पर्धा ऑक्टोबरच्या अखेरीआधी घेत नाही.

मैदान साधारण वीस एकरांचं, कडेने झेंड्या लावलेलं. अर्धं उंच गवत, अर्धी ज्वारी. ही ज्वारी आपल्याकडच्यासारखी डोक्यावर जाणारी नाही, कंबरभरच असते. फेझंटला उडण्यापेक्षा पळणं आवडतं आणि ज्वारीच्या सरळ ओळी म्हणजे त्याला हमरस्ताच. कुत्रा पॉइंट धरून (म्हणजे वास लागताच पक्ष्याच्या दिशेने ताठ, निश्चल) उभा आणि पक्षी पन्नास यार्ड पुढे पळालेला, हे इथे नेहमीचं.

स्पर्धा कशी चालते

एका वेळी एक कुत्रा, दोन बंदुका आणि एक पंच. मैदानात तीन पक्षी, हातात वीस मिनिटं, जोडीला मिळून सहा काडतुसं. पॉइंट धरणारे कुत्रे (पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, जर्मन शॉर्टहेअर) आणि पक्षी उठवणारे (स्प्रिंगर स्पॅनियल, लॅब्रॅडॉर) यांचे गट वेगळे असतात. स्वतःचा कुत्रा नसेल तर आमचा कुत्रा हँडलरसकट, म्हणजे त्याला हाताळणाऱ्या माणसासकट, मिळतो. तेव्हा कुत्र्याला हाका फक्त हँडलरने मारायच्या. तिघांनी तीन हुकूम दिले की कुत्रा एकाचंही ऐकत नाही.

गुण असे: पाडलेल्या प्रत्येक पक्ष्याचे ५०, तो कुत्र्याने हँडलरच्या हातात आणून दिला तर आणखी ३०, वाचलेल्या प्रत्येक काडतुसाचे १०, आणि तिन्ही पक्षी ताब्यात आले तरच उरलेल्या प्रत्येक मिनिटाचे ५. समजा एका जोडीने चौदा मिनिटांत तीन पक्षी तीन काडतुसांत पाडले आणि तिन्ही कुत्र्याने आणले: १५० + ९० + ३० + ३० = ३००. दुसरी जोडी नऊच मिनिटांत मोकळी झाली, पण सहाही काडतुसं उडाली आणि एक पक्षी माणसाने धावत जाऊन उचलला: १५० + ६० + ० + ५५ = २६५. पाच मिनिटं आधी संपवूनही पस्तीस गुणांनी मागे. पहिल्यांदा येणारे घड्याळाकडे बघून पळतात आणि इथेच फसतात.

पक्षी ठेवायची पद्धत माहीत असेल तर कुत्रा समजायला सोपं जातं. आमचा माणूस पक्ष्याचं डोकं पंखाखाली दाबून त्याला हलके झुलवतो, गुंगी आली की गवताच्या बेचक्यात ठेवतो आणि वरून चार काड्या ओढून घेतो. फेरी त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होते. त्याआधी सुरू केली तर पक्षी अर्धवट गुंगीत उडतच नाही; फार वेळ गेला तर चालत मैदानाबाहेर पडतो. काही हुशार कुत्रे पक्ष्याचा वास सोडून आमच्या गाडीचा माग काढत थेट पक्ष्यापाशी जातात. म्हणून आम्ही गाडी रिकामीही दोन-चार फेऱ्या फिरवतो. चाकाच्या खुणेवर कुत्रा ओढत नेलात तर बहुतेक वेळा गवताचा रिकामा झुपका मिळेल.

वारा, मग कुत्रा, मग बंदूक

मैदानाच्या कोणत्या टोकाने शिरायचं ते वारा ठरवतो. वारा तोंडावर घेऊन चाला. वारा पाठीवर असला तर कुत्रा पक्ष्याच्या अंगावर जाईपर्यंत त्याला वास लागत नाही, आणि पक्षी आधीच उठून जातो. सगळ्यांत चांगली हवा म्हणजे हलका वारा, जमिनीत थोडी ओल आणि अंगात स्वेटर लागेल इतका गारवा. कोरड्या, धुरळ्याच्या दुपारी उत्तम कुत्राही नवखा वाटतो. त्यावर ओरडून काही होत नाही. सकाळी भरपूर दव असेल तर वेगळीच पंचाईत. पक्षी भिजतात, उडत नाहीत, आणि कुत्रा त्यांना जमिनीवरच तोंडात धरतो. असा पक्षी ५० गुणांत धरत नाहीत. म्हणून दवाच्या दिवशी आम्ही पहिली फेरी उशिरा काढतो.

कुत्र्याने पॉइंट धरला की त्याच्याकडे पाहा: शेपूट ताठ, एखादा पाय अधांतरी, नाकपुड्या फुललेल्या, अंगाला बारीक कंप. मागून धावत जाऊ नका, त्याला वाटतं तुम्ही त्याला पुढे ढकलताय आणि तो उडी घेतो. दोघा बंदूकधाऱ्यांनी दोन बाजूंनी, कुत्र्याला दिसेल असं वळसा घालून पुढे यायचं. मधून हँडलर जातो आणि पायाने गवत हलवतो. शेपूट सैल हलत असेल आणि कुत्रा मागे वळून बघत असेल तर पक्षी निसटलाय किंवा आधीच्या फेरीतला पक्षी पडला त्या जागेचा जुना वास आहे. अशा वेळी कुत्र्याला पुढे सोडून पुन्हा शोधू द्या.

पक्षी फडफडाट करत, नर असेल तर ओरडत, सरळ वर उठतो. त्या दणक्याने नवा माणूस बंदूक खांद्याला नीट टेकण्याआधीच चाप ओढतो. पक्ष्याला वर चढू द्या, आडवा होऊ द्या. वीस-पंचवीस यार्ड गेला की पुरे. नेम गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यावर. नजर लांब शेपटीवर अडकते आणि छर्रे मागून जातात, चुकलेल्या बहुतेक बारांचं कारण हेच.

पक्ष्याच्या खाली आकाश दिसत नसेल तर बार काढायचा नाही. खालून उडणाऱ्या पक्ष्यावर कुत्रा उडी मारतो. या एका नियमावर पंच दुसरी संधी देत नाही, जोडी तिथेच बाद. डावीकडच्याने उजवीकडे, उजवीकडच्याने डावीकडे बंदूक फिरवायची नाही. भडक केशरी टोपी आणि जॅकेट आमच्या क्षेत्रावर सक्तीचं आहे, प्रेक्षकांनाही.

बंदूक १२ किंवा २० बोअरची, शक्यतो दुनळी. ती मधोमध उघडून खांद्यावर घेतली की रिकामी आहे हे लांबूनही कळतं. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा, मोकळा ठेवा. घट्ट चोकने जवळचा पक्षी खाण्याजोगा उरत नाही. शिशाचे ६ नंबरचे छर्रे, १२ बोअरला एक ते सव्वा औंस भरलेलं काडतूस पुरतं. पोलादी छर्रे वापरायचे तर ४ नंबर घ्या आणि नळी जुनी असेल तर ती पोलादाला चालते का हे आधी तपासून घ्या. २० बोअरची पिवळी काडतुसं १२ बोअरच्या खिशात कधीही टाकू नका. पिवळं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं भरलं जातं आणि नळी फाटते. जोडीत दोन बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं आम्ही दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्यांतच देतो.

पक्षी पडला की दोघांनी पडल्या जागेवर नजर रोवून उभं राहायचं, हँडलर कुत्र्याला लगेच सोडतो. नुसता पंख मोडलेला नर जमिनीला टेकताच पळत सुटतो, अर्ध्या मिनिटात हाताबाहेर जातो. जखमी पक्षी शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यासाठी गेलेली मिनिटं पंच तुमच्या वेळेत धरत नाही.

तुमचा कुत्रा आणत असाल तर

जेवण आदल्या संध्याकाळी. सकाळी पोटभर खाऊन पळालेल्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडू शकतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो. पाणी मात्र दर दहा मिनिटांनी, थोडं थोडं. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबली, पाय अडखळू लागले की फेरी सोडा, सावलीत आणा, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओता. फेरीनंतर पायाच्या बोटांमधले काटे, कानातली आणि पापणीखालची कुसळं तपासा. राहिलेलं कुसळ कातडीच्या आत सरकत जातं आणि आठवड्याने गळू होऊन दिसतं. काटेरी तारेने छाती फाटण्याचे प्रकार होतात, आमच्याकडे स्टेपलर, सलाइन आणि पट्टी असते. बंदुकीचा आवाज कधीच न ऐकलेला कुत्रा थेट स्पर्धेला आणू नका. एका बाराने बिथरलेला कुत्रा वर्षभर सावरत नाही. विजेच्या झटक्याचा पट्टा फेरीत चालत नाही, ठिकाण दाखवणारा पट्टा चालतो.

पक्षी घरी नेताना

पडल्यापासून शक्य तितक्या लवकर आतडी आणि अन्नपिशवी काढून पक्षी बर्फावर ठेवा. उकाड्याच्या दिवशी जॅकेटच्या पिशवीत चार तास राहिलेला पक्षी फेकूनच द्यावा लागतो. साफ करायची सोय आमच्याकडे आहे, प्रत्येक पक्ष्याला आमची पावती बांधून मिळते. घरी पोचेपर्यंत ती काढू नका. हात साबणाने धुवा, कच्ची आतडी कुत्र्याला घालू नका, घरी कोंबड्या असतील तर बूट बदलूनच खुराड्यात जा, बर्ड फ्लूचा धोका आहे. छातीचं मांस कोरडं असतं, चिकनइतका वेळ शिजवलं तर चिवट होतं. तंगडीतल्या कडक शिरा आधी ओढून काढा आणि तंगड्या वेगळ्या, मंद आचेवर रश्शात शिजवा. खाताना छर्रा दाताखाली येऊ शकतो, मुलांना वाढण्याआधी बोटांनी चाचपून बघा.

वादळी वारा किंवा विजा असतील तर फेरी रद्द होते आणि शुल्क पुढच्या तारखेला वळतं. लायसन्स किंवा प्रमाणपत्र विसरलात तर मात्र प्रेक्षकांत बसावं लागेल आणि शुल्क परत मिळणार नाही.