न्यूरोइन्फॉर्मॅटिक्स : राष्ट्रीय संशोधक समुदायाची बांधणी

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासातून मिळणारी माहिती साठवणे, तिची मांडणी व विश्लेषण करणे आणि ती दुसऱ्यालाही वापरता येईल अशी ठेवणे, हा न्यूरोइन्फॉर्मॅटिक्सचा विषय. वीस-पंचवीस जणांच्या नोंदींवरून काढलेले निष्कर्ष अनेकदा टिकत नाहीत. त्यामुळे ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात. ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या पुढाकारातून २००५ मध्ये न्यूरोइन्फॉर्मॅटिक्ससाठी आयएनसीएफ ही आंतरराष्ट्रीय समन्वय संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय स्टॉकहोमला आणि रचना देशोदेशींच्या राष्ट्रीय शाखांची. भारतीय शाखेचे काम हरियाणातील मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरकडे आले. पण राष्ट्रीय समुदाय एका केंद्रात उभा राहत नाही. त्याची कसोटी कोल्हापूरसारख्या शहरांत लागते.

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालय आणि त्याला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६२ पासूनचे शिवाजी विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. रुग्ण, संख्याशास्त्र आणि संगणक ही तिन्ही अंगे गावातच मिळतात. पहिली गरज सर्व्हरची नसून नोंदी सांभाळणाऱ्या, पगारी आणि कायम नेमलेल्या माणसाची आहे. हे काम पीएचडीच्या विद्यार्थ्यावर टाकले, तर तो प्रबंध देऊन गेला की फाइलींच्या नावांचा अर्थ कुणालाच लागत नाही.

सुरुवात ईईजीपासून, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून घेतलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींच्या नोंदीपासून करावी. १९ वाहिन्या, सेकंदाला २५६ नमुने आणि नमुन्याला दोन बाइट धरले, तर वीस मिनिटांची नोंद जेमतेम १२ एमबी होते. साधा संगणक पुरतो. फाइलींची मांडणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बिड्स’ या प्रमाण पद्धतीने करावी : प्रत्येक व्यक्तीला क्रमांक, प्रत्येक सत्राला फोल्डर आणि सोबत यंत्र, संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो) व विजेची वारंवारता यांची नोंद. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. विजेच्या पुरवठ्यामुळे नोंदीत शिरणारा हा ५० हर्ट्झचा गोंगाट गाळलेली फाइल एकटीच देऊ नये. मूळ नोंद द्यावी आणि कोणता फिल्टर लावला ते वेगळे लिहावे.

नाव लपवण्यात हमखास चूक होते. फाइलीचे नाव बदलले तरी ईडीएफ (ईईजी साठवण्याचा एक प्रचलित फाइल-प्रकार) फाइलीच्या शीर्षभागात रुग्णाच्या ओळखीसाठी ८० अक्षरांची जागा असते आणि नाव तिथे तसेच राहते. एमआरआयच्या चित्रांतून तर चेहराच पुन्हा उभा करता येतो, म्हणून तो भाग पुसावा लागतो. क्रमांक आणि नावे जुळवणारी यादी वेगळ्या ठिकाणी, कुलूपबंद ठेवावी. नोंदी इतर संशोधकांना दिल्या जातील, हे संमतीपत्रात मराठीत स्पष्ट लिहिलेले हवे. ते सुरुवातीला राहून गेले, तर नंतर प्रत्येकाला गाठून संमती घेणे जवळपास अशक्य होते.

परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा चालत नाहीत. डावरेपणाच्या तपासणीत चमचा कोणत्या हाताने धरता, असे विचारतात. आपल्याकडे उजव्या हाताने जेवायची शिस्त लहानपणीच लावलेली असते, त्यामुळे उत्तरातून फारसे काही कळत नाही. भाषेच्या रकान्यात नुसते ‘मराठी’ लिहूनही भागत नाही. सीमाभागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी असलेली माणसे भेटतात. घरची भाषा, शाळेची भाषा आणि शिक्षणाची वर्षे वेगवेगळी विचारावीत.

दोन दिवसांच्या कार्यशाळांनी समुदाय होत नाही, कारण शिकणाऱ्यांकडे परतल्यावर स्वतःच्या नोंदी नसतात. अदलाबदल जास्त उपयोगी पडते. दोन गटांनी पाच-पाच व्यक्तींच्या नोंदी एकमेकांना द्याव्यात आणि फोन न करता विश्लेषण पुन्हा करून पाहावे. जिथे अडते, तिथे वर्णन अपुरे असते. उद्दीपकाची (दाखवलेले चित्र किंवा ऐकवलेला आवाज) वेळ दाखवणाऱ्या खुणा कुठे उशिरा पडल्या, डावी-उजवी बाजू कुठे उलटली, हे याच टप्प्यावर सापडते. बढतीच्या निकषांत लेखांइतकेच वजन प्रसिद्ध केलेल्या माहितीसंचालाही मिळाले पाहिजे; तोवर असे कष्ट घेणारे थोडेच राहतील.

प्रती किमान तीन ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे पूर पाहता एक प्रत शहराबाहेरच हवी, आणि सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये.