पडद्यावरचे रंग आणि रॉ फाइल : मागची गोष्ट

नवलखी मैदानावरचा गरबा आटोपतो, पहाटे कार्ड कॉम्प्युटरवर रिकामं होतं. सॉफ्टवेअर उघडताच चणिया-चोळीचा लाल कॅमेऱ्याच्या पडद्यावर होता तसाच भडक दिसतो आणि दोनेक सेकंदांत डोळ्यांदेखत फिका पडतो. बडोद्यात नवरात्र आणि लग्नं टिपायला नव्याने लागलेला प्रत्येक मुलगा इथे अडखळतो आणि विचारतो, "दादा, व्हिव्हिड ठेवलं होतं ना, मग ते गेलं कुठे?" व्हिव्हिड म्हणजे रंग भडक करणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग, आणि रॉ म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरचे कच्चे आकडे साठवणारी फाइल. रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत उत्तर एकच मिळतं : रॉमध्ये सेटिंग लागतच नाही. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बरेच फोटो बिघडतात.

ती पहिली दोन सेकंदं दिसते ती रॉ नव्हे, रॉच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार करून ठेवलेली जेपेग, म्हणजे रंग चढवून तयार झालेला फोटो. कॅमेऱ्यातलं कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, शार्पनेस सगळं तिच्यावर चढलेलं असतं. मग सॉफ्टवेअर सेन्सरचे आकडे उचलून आपल्या पद्धतीने चित्र मांडतं आणि जेपेग बाजूला सारतं. सेटिंग पुसलं जात नाही. ते फाइलमध्ये नोंद म्हणून राहतं. ती नोंद वाचायची की नाही, हे वाचणाऱ्यावर.

फिल्मच्या काळात ही नोंद वेगळी नव्हतीच. रंगाचा स्वभाव रोलबरोबर विकत यायचा, बाकीचं लॅबवाल्याच्या हातात, आणि मत बदललं तरी छत्तीस फोटो संपेपर्यंत थांबायचं. सेन्सरवर निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे ठिपके मांडण्याचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. त्या मांडणीमुळे सेन्सरमधून निघतं ते चित्र नसतं, प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाचा आकडा असतो. १९९१ मध्ये बाजारात आलेला पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर १.३ मेगापिक्सेलचा होता आणि त्याच्या साठवणीचं खोकं वेगळं खांद्याला लटकवावं लागे. पुढच्याच वर्षी जेपेगचं मानक ठरलं. कॅमेऱ्यानेच चित्र शिजवून हातात द्यायचं, ही सवय त्यातून लागली.

खरा वाद २००५ मध्ये पेटला, आणि तो होता व्हाइट बॅलन्सवरून. व्हाइट बॅलन्स म्हणजे कोणत्याही उजेडात पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी. रॉच्या दृष्टीने ते दोन-तीन गुणक : हिरवा एक धरला, तर लाल कितीने गुणायचा आणि निळा कितीने. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळ्याचा गुणक वाढतो, सावलीत लालचा. सेन्सरच्या मूळ आकड्यांना कोणी हात लावत नाही, गुणक शेजारी लिहून ठेवले जातात. एका जपानी कंपनीने आपल्या नव्या व्यावसायिक कॅमेऱ्याच्या, डी२एक्सच्या, रॉ फाइलमध्ये नेमके हेच गुणक सांकेतिक करून ठेवले. फोटो कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडत होता, पण काढणाऱ्याने जागेवर कोणता व्हाइट बॅलन्स ठेवला होता, हे सांकेतिक भाषा ठाऊक असलेल्यालाच कळणार होतं.

कंपनीचं म्हणणं होतं की फाइलची रचना ही तिची मालमत्ता आहे, चित्राचा दर्जा राखण्यासाठी हे केलं आहे आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना अधिकृत संच मागता येतो. रॉ उघडणारं मोठं सॉफ्टवेअर बनवणारी एक कंपनी म्हणाली, कुलूप फोडलं तर अमेरिकेच्या कायद्यात अडकायची भीती आहे. रॉ उघडणारा डीसीरॉ नावाचा मोफत प्रोग्रॅम १९९७ पासून लिहीत आलेल्या एका प्रोग्रॅमरने तो संकेत थोड्याच दिवसांत उलगडला. त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांत समझोता झाला आणि मोठ्या सॉफ्टवेअरला ते गुणक वाचता येऊ लागले.

मला या प्रकरणात कंपनीची बाजू कधीच पटली नाही. तो गुणक कंपनीने ठरवलेला नव्हता. मांडवात हॅलोजन आणि ट्यूबलाइट एकमेकांत मिसळलेले असताना, पांढरा कागद समोर धरून ज्याने व्हाइट बॅलन्स बसवला, त्याचा होता. सेन्सरचे आकडे तुमचे, पण तुम्ही घेतलेला निर्णय आमचा, हे म्हणणं मला आजही विचित्र वाटतं. रॉ सगळ्यांना वाचता यावी म्हणून डीएनजी हा खुला साचा २००४ मध्येच जाहीर झाला होता. या भांडणानंतर त्याची गरज पुष्कळांना पटली. तरी मोठ्या कॅमेरा कंपन्या बहुतांशी आपापल्या साच्यालाच धरून राहिल्या.

त्याच २००५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने विखुरलेल्या सेटिंगची मोट बांधून तिला पिक्चर स्टाइल नाव दिलं : स्टँडर्ड, पोर्ट्रेट, लँडस्केप, न्यूट्रल, फेथफुल, मोनोक्रोम. २००७ मध्ये डी२एक्सवाल्या कंपनीचं तसंच पिक्चर कंट्रोल आलं. तिसरीने आपल्या जुन्या फिल्म रोलांची नावंच मेनूत आणली. २००८ पासून स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्येही कॅमेऱ्याच्या रंगांची नक्कल करणारे प्रोफाइल मिळू लागले. २०१७ मध्ये कॅमेरा केबलने जोडून त्याच्याच प्रोसेसरवर रॉ उघडायची सोय एका कंपनीने दिली. २०२० पासून एका बहुवापरातल्या सॉफ्टवेअरला सांगता येतं की सुरुवात कॅमेऱ्यात ठेवलेल्या सेटिंगपासूनच कर. दोन सेकंदांनी फिका पडणारा लाल आता बऱ्याच अंशी थांबवता येतो, ही सोय एकदाच चालू करावी लागते इतकंच.

पण काही सेटिंग खुद्द रॉमध्ये शिरतात. २००७ मध्ये आलेल्या अॅक्टिव्ह डी-लायटिंगमुळे कॅमेरा उजळ भाग वाचवण्यासाठी एक्सपोजरच कमी करू शकतो. मग जेपेगमध्ये सावल्या उचलून दाखवतो, रॉ मात्र अंधारी राहते. उजळ भाग वाचवणारी हायलाइट टोन प्रायॉरिटी लावली की आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील हा आकडा, १०० निवडताच येत नाही, २०० पासून सुरुवात होते, त्याचं कारणही हेच. रात्री सूरसागरच्या काठावर तीस सेकंदांचा फोटो घेतल्यावर कॅमेरा आणखी तीस सेकंद अडून बसतो, तेव्हा तो शटर बंद ठेवून काढलेली काळी फ्रेम वजा करत असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ही वजाबाकी रॉमध्येच होते.

मेनूत न दिसणारी एक वाट यापेक्षा महत्त्वाची. पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत किती भाग अंधारा आणि किती उजळ हे दाखवणारा आलेख, आणि जळालेल्या भागावर लुकलुकणारा इशारा, दोन्ही रॉवरून नव्हे, त्या आतल्या जेपेगवरून काढले जातात. दांडिया बाजारच्या एका कार्यालयात मी हे महागात शिकलो. सप्तपदीच्या वेळी नवरीचा लाल शालू सारखा लुकलुकत होता, म्हणून मी एक्सपोजर पुरा एक स्टॉप उतरवला, म्हणजे उजेड निम्मा केला. घरी पाहिलं तर रॉमध्ये शालूच्या जरीला धक्काही लागला नसता. जळाला होता तो व्हिव्हिडने ताणलेला लाल. उलट नवरदेवाचा काळा कोट उजळायला गेलो, तर त्यात रवाच रवा. सेटिंग फाइलमध्ये गेलं नव्हतं, माझ्या हातातून गेलं होतं. तेव्हापासून रॉ काढताना मी न्यूट्रल ठेवतो आणि कॉन्ट्रास्ट खाली उतरवतो. पडदा मरगळलेला दिसतो, पण आकडे सत्याच्या जास्त जवळ असतात.

या सगळ्यात "रॉ" हा शब्दच घसरत चालला आहे. फोनमधून रॉ मिळू लागली. २०२० नंतरच्या काही महागड्या फोनांची रॉ तर अनेक फ्रेम एकत्र करून, ठिपके भरून तयार झालेली असते. आणि आपल्याकडे लग्नवाले "रॉ डेटा द्या" म्हणतात, तेव्हा त्यांना हवे असतात एडिट न केलेले सगळे जेपेग. गेल्या मोसमात एका मावशींना मी खरोखरच रॉ फाइली दिल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, "अरे, टीव्हीवर काहीच उघडत नाहीये, पेनड्राइव्ह खराब आहे का?" आता बुकिंगच्या कागदावर मी दोन वेगळ्या ओळी लिहितो, "सर्व फोटो, एडिटिंगशिवाय" आणि "कॅमेऱ्याची रॉ फाइल", आणि दुसरीपुढे खूण करण्याआधी समोरच्याला लॅपटॉपवर एक फाइल उघडून दाखवतो.