बुध ते रोम: पां. वा. सुखात्मे यांच्या आहारसंशोधनाची पार्श्वभूमी

जगात उपाशी किती, हे सांगण्याआधी उपासमार मोजायची कशी हे ठरवावे लागते. हा आग्रह ज्यांनी आयुष्यभर धरला ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्याचे. खटाव तालुक्यातील बुध या गावी २७ जुलै १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विषय संख्याशास्त्राचा होता. आहाराच्या प्रश्नाकडे ते या वाटेने आले, आणि पुढच्या बहुतेक वादांचे मूळ तिथेच सापडते.

१९४०च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची, म्हणजे शेताचा आखलेला तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याची, पद्धत उभी केली. खटाव-माणच्या शेतात हा प्रयोग पाहिलेल्यांना त्यातली मेख लगेच कळेल. खुंट्या ठोकून, दोरी ताणून चौकोन आखला की नेमके दोरीवर येणारे ज्वारीचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडतो, आणि कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब, म्हणून ही चूकही मोठी आणि उत्पादनाचा अंदाज फुगलेला. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये टिपण लिहून लहान तुकड्यांमुळे येणारा हा दोष दाखवून दिला.

१९५१ मध्ये ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि जवळपास वीस वर्षे तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिले. त्या संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी १९५० मध्ये लिहिले होते की जगातील किमान दोनतृतीयांश माणसांच्या वाट्याला आयुष्यभराचे कुपोषण आणि उपासमार येते. हा आकडा सर्वत्र फिरत होता. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वेगळा हिशेब मांडला: पोटभर अन्नच न मिळणारे सुमारे १० ते १५ टक्के, आणि भूक किंवा निकस आहार यांपैकी एखादे दुखणे असलेले निम्म्यापर्यंत. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोलाचे काम. उपाशी असणे आणि निकस खाणे या दोन गोष्टी त्यांनी आकड्यांत वेगळ्या केल्या, शिवाय माणसामाणसांतील गरजेचा फरक प्रथमच हिशेबात धरला. सोसायटीने १९६३ मध्ये त्यांना संख्याशास्त्रातील कामासाठीचे ‘गाय’ (Guy) रौप्यपदक दिले.

पुढचा वाद प्रथिनांचा. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जगावर ‘प्रथिनांचे संकट’ येऊ घातल्याची चर्चा जोरात होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे होते की भारतीय आहारात मुख्य तुटवडा उष्मांकांचा आहे, कारण ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेच जाळू लागते. अर्धा किलो ज्वारीच्या पिठात सुमारे १,७५० उष्मांक आणि ५० ग्रॅम प्रथिने असतात. भाकरीसोबत डाळीची आमटी असली की ज्वारीत कमी असलेल्या लायसिन या प्रथिनघटकाची भर पडते. तेव्हा भाकरी पुरेशी मिळाली तर प्रथिनांचा प्रश्न बराचसा सुटतो. पुढे आहारशास्त्राचा प्रवाह बव्हंशी याच बाजूला वळला.

पुण्यात परतल्यावर त्यांनी मांडलेला विचार मात्र आजही वादग्रस्त आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दररोज २,२५० उष्मांक हा निकष धरून ग्रामीण भागातील ४० टक्के आणि शहरांतील ५० टक्के लोक दारिद्र्यात असल्याचा अंदाज दिला होता. सुखात्मे यांचा आक्षेप होता की सरासरी गरजेवर दारिद्र्याची रेघ ओढली, तर धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या समाजातही निम्मे लोक रेघेखाली दिसतील. बर्कलेचे शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी १९७८ आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत आणखी पुढचे पाऊल टाकले: एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर ती आपोआप सांभाळते, म्हणून रेघ सरासरीच्या दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) खाली असावी. दांडेकरांनी १९८१ आणि १९८२ मध्ये लेख लिहून याचा प्रतिवाद केला. ‘लहान पण निरोगी’, म्हणजे बेताच्या आहारामुळे अंगाने लहान राहिलेला माणूसही निरोगी असू शकतो, ही अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांची मांडणी याच विचाराच्या आधाराने पुढे आली, आणि आहारशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. खुरटलेल्या मुलाला निरोगी ठरवले की त्याची गरजच नाकारली जाते, असा त्यांच्या विरोधाचा रोख होता.

सरासरीविषयीचा आक्षेप मला पूर्ण पटतो. पण खाऊनपिऊन सुखी असलेल्या माणसाच्या आहारातील रोजचा चढउतार एक, आणि दुष्काळी सालात काम सुटल्याने महिनोनमहिने अर्धपोटी राहणाऱ्या शेतमजुराची तूट वेगळी. पहिलीवरून दुसरीचे माप काढता येत नाही. शरीर गरज आपोआप सांभाळते ही सुखात्मे यांची बाजू सांगणाऱ्यांकडून त्यांचे दुसरे म्हणणे बहुधा गाळले जाते: दूषित पाण्याने पोट सतत बिघडलेले असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणी आणि संडास हे आहाराच्या धोरणाचेच भाग आहेत.

त्यांना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि १९९७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. अन्न व कृषी संघटना अल्पपोषितांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करते. ते काढण्याची पद्धत १९६१ च्या त्या निबंधातूनच वाढलेली आहे, आणि शाश्वत विकास उद्दिष्टांतील भुकेचा पहिला निर्देशांक आजही तोच आहे.