स्टेंटची तार आणि रक्ताची गुठळी

"आते छाती दुखस नही, मंग गोया कसाले?" अँजिओप्लास्टीला दोन-तीन महिने झाले की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत हा प्रश्न निघतो. कापूस वेचणीचे दिवस, दर महिन्याला मेडिकलचं बिल, आणि माणूस तर ठणठणीत दिसतो. रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी बंद होते. आत मात्र जखम अजून भरत असते.

अँजिओप्लास्टीत बसवतात तो स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. फुगा फुगवून ती ब्लॉकेजच्या जागी दाबून बसवतात. रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं, त्याच्यामुळेच आत वाहणारं रक्त गोठत नाही. स्टेंट बसवताना हे अस्तर फाटतं, धातू उघडा राहतो आणि त्यावर प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटू लागतात. जाळीवर नवं अस्तर चढेपर्यंत गुठळीची भीती सर्वाधिक. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर बहुतेक वेळा मोठा हार्ट अटॅकच येतो.

माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट 1986 साली बसला, तो साध्या धातूचा. त्याच्यावर अस्तर लवकर चढायचं, पण जखम भरताना पेशी इतक्या वाढत की 20 ते 30 टक्के रुग्णांत तीच जागा पुन्हा अरुंद होई. म्हणून जाळीवर औषधाचा लेप आला. 2003मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या 'सायफर' स्टेंटवर सिरोलिमस हे पेशींची वाढ रोखणारं औषध होतं. पेशींची वाढ आटोक्यात आली खरी, पण अस्तराच्या पेशीही त्यातच अडकल्या. शिवाय औषध धरून ठेवणारं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा थर, औषध संपल्यावरही तिथेच राही आणि काहींच्या रक्तवाहिनीत सूज टिकून राही. वर्ष उलटल्यावरही गुठळ्या होतात, हा मुद्दा 2006च्या बार्सिलोनातल्या हृदयरोग परिषदेत गाजला आणि डॉक्टर हादरले.

माझ्या मते इथून पुढची खरी प्रगती जाळीच्या तारेच्या जाडीत आहे. सायफरची तार सुमारे 140 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी. तापीच्या पुलाचा खांब जितका रुंद, तितका त्याच्यामागे भोवरा मोठा आणि गाळही जास्त. जाड तारेमागे रक्त असंच रेंगाळतं, तिथे गुठळी धरते आणि अस्तराला तार ओलांडून जायला वेळ लागतो. पुढे 'झायन्स' या स्टेंटची तार 81 मायक्रॉनवर आली, आता 60 मायक्रॉनचेही स्टेंट आहेत. काहींचं पॉलिमर हळूहळू विरघळून जातं. सुरतेत तयार होणारा 'सुप्राफ्लेक्स' याच जातीचा. युरोपातल्या 'टॅलेंट' चाचणीत वर्षभराअंती तो झायन्सपेक्षा कमी ठरला नाही. 2019मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडचे कितीतरी रुग्ण उपचाराला सुरतेलाच जातात, त्यांना हे ठाऊक असायला हवं.

उलट उदाहरण 'अ‍ॅबसॉर्ब'चं. अख्खा स्टेंटच विरघळणार, ही कल्पना किती सुंदर! पण ताकद यावी म्हणून त्याची तार 150 मायक्रॉनच्याही वर ठेवावी लागली. गुठळ्या वाढल्या आणि 2017मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली.

अर्थात जाळी पुरेशी फुलली नाही, भिंतीला टेकली नाही, तर बारीक तारही फारशी कामाला येत नाही.

अस्तर चढेपर्यंतची राखण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या दुसऱ्या गोळीकडे असते. अटॅक येऊन स्टेंट बसवला असेल तर या दोन्ही साधारण 12 महिने, अटॅक नसेल तर बहुधा 6 महिने देतात. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना डॉक्टर त्याहून कमी काळही देतात. त्यानंतर सहसा एक गोळी चालूच राहते. मधेच दाढ काढायची किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं, तर स्टेंटचं कार्ड सोबत न्यावं आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नये.