कुत्र्याच्या वाटीत काय घालायचं हा प्रश्न एवढा महाग कधी झाला

कुत्रा घरी आला की पहिल्या आठवड्यातच वाद सुरू होतो, एकजण म्हणतो पाकिटातलं द्या, दुसरा म्हणतो आपण जेवतो तेच घाला काय होतंय, तिसरा कुठलातरी व्हिडिओ बघून येतो आणि कच्च्या मांसाचं खूळ काढतो, आणि मग पोत्यावरची किंमत बघितली की तिघंही गप्प. यातलं कुठलंच मत नवीन नाहीये. प्रत्येकामागे जुनी भानगड आहे, आणि मला तरी त्या सगळ्यात एकच गोष्ट सारखी दिसते की कुत्र्याचं जेवण त्याला काय मानवतं यापेक्षा माणसाकडे स्वस्तात काय उरलंय यावरच बऱ्याचदा ठरलंय.

तसं माणसाचं उरलंसुरलं पचवायची तयारी कुत्र्याच्या अंगातच आहे म्हणा. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्र्याचा आणि लांडग्याचा डीएनए शेजारी ठेवून बघितला, तर स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जीनच्या लांडग्यात 2 प्रती आणि कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला फक्त मांसच पाहिजे' हे वाक्य ऐकायला भारी वाटतं पण तेवढं खरं नाही. पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ञ कोलुमेला तर सरळ सांगतो की कुत्र्यांना जवाचं पीठ आणि दुधाची निवळी द्या, आणि चराई नसेल, सगळा द्राक्षमळाच असेल तर गव्हाचा पाव शिजवलेल्या शेंगांच्या पाण्यात कालवून द्या, पण कोमट हं, कढत दिलं तर कुत्रा पिसाळतो. पिसाळण्याचं सोडून द्या, पण दोन्ही सल्ले शेतावर काय मिळतंय ते बघूनच दिलेत.

खर्चाचा वादही जुनाच. ब्रिटनमध्ये 1796 साली कुत्र्यांवर टॅक्स बसला. तेव्हा धान्याची टंचाई होती आणि गरिबाच्या तोंडचा घास कुत्री खातात असं पार्लमेंटात बोललं जात होतं, आणि जॉन डेंट नावाच्या ज्या खासदारानं हा टॅक्स लावून धरला त्याला लोक 'डॉग डेंट' म्हणायला लागले.

तयार डॉग फूडची सुरुवात मात्र गंमतशीर आहे. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस, धंदा आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळ्या विकायचा, 1860 च्या आसपास इंग्लंडला आला. तिथे बंदरावर जहाजावरची टाकून दिलेली कडक बिस्किटं कुत्री खाताना त्यानं बघितली आणि डोक्यात ट्यूब पेटली, अशी गोष्ट सांगतात (धंद्याच्या गोष्टी असतात तशी थोडी चकचकीत केलेली असणार). त्यानं गहू, भाज्या, बीट आणि मांस यांची बिस्किटं काढली. मांस नेमकं कुठून येतं हे कधी सांगितलं नाही. आणि गिऱ्हाईक कोण निवडलं तर शिकारी कुत्री बाळगणारे श्रीमंत लोक! उरलेल्या बिस्किटावरून सुचलेली वस्तू पहिल्यापासूनच ऐटीची म्हणून विकली गेली, आणि ती तशी विकायला डॉग शोसारखी जागा नाही. स्प्रॅटच्याच कंपनीत काम केलेल्या चार्ल्स क्रफ्टनं 1891 मध्ये स्वतःच्या नावानं डॉग शो सुरू केला, तो अजून चालू आहे.

पुढचा टप्पा घोड्यांचा. मोटारी आणि ट्रॅक्टर आले, घोडे नको झाले, आणि 1922 च्या सुमारास अमेरिकेत केन-एल रेशन नावानं घोड्याच्या मांसाचे डबे बाजारात आले. डब्यातलं खाणं तुफान चाललं ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत. युद्धात पत्रा रेशनवर गेला, कुत्र्याचे डबे अर्थातच गरजेचे नाहीत असं ठरलं आणि कंपन्यांना पुन्हा कोरड्या मालाकडे वळावं लागलं. आज आपण जे ड्राय फूडच 'नॉर्मल' समजतो त्याला असं पत्र्याच्या टंचाईचंही कारण आहे.

मग 1957 मध्ये प्युरिना कंपनीचं डॉग चाऊ आलं आणि सगळं बदललं. नाश्त्याचे सिरियल बनवायचं एक्सट्रूजन तंत्र त्यांनी कुत्र्याच्या खाण्याला लावलं, म्हणजे ओला गोळा उष्णता आणि दाबाखाली छिद्रातून ढकलायचा, बाहेर पडताच तो फुगतो, मग वाळवून वरून चरबी फवारायची म्हणजे कुत्रा चवीनं खातो. पण हे फुगायला स्टार्च लागतो, म्हणून किबलमध्ये, म्हणजे या फुगवलेल्या कोरड्या दाण्यांत, बहुतेक वेळा धान्य असतं. धान्य फक्त भर घालायला टाकतात असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, आणि ग्रेन फ्री पाकीट घेणाऱ्यांनी जरा जास्तच, कारण तिथे धान्य गेलं तरी त्याच्या जागी वाटाणा, मसूर नाहीतर बटाटा येतो. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न आणि औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) अशा फूडचा आणि कुत्र्यांचं हृदय फुगून कमजोर होणाऱ्या डीसीएम या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली. थेट कारण आहे असं सिद्ध झालं नाही, पण जास्त पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल हा प्रश्न उभा राहावा यातच काय ते आलं.

आता विज्ञानाचं म्हणाल तर तेही कुत्र्यासाठी सुरू झालंच नव्हतं. मुडदूस समजून घेण्यासाठी एडवर्ड मेलनबीनं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले, आणि 1937 मध्ये कॉनराड एल्व्हेजेमनं कुत्र्यांचा 'ब्लॅक टंग' हा जीभ काळी पडणारा आजार निकोटिनिक अॅसिड या व्हिटॅमिननं बरा करून दाखवला तो माणसांच्या पेलाग्रावर, म्हणजे त्याच व्हिटॅमिनच्या कमतरतेनं होणाऱ्या आजारावर, इलाज शोधताना. म्हणजे कुत्र्याला कुठली व्हिटॅमिनं लागतात हे आपल्याला आपल्याच आजारांमुळे कळलं. आजारी कुत्र्यासाठी म्हणून खाणं बनवलं ते मार्क मॉरिस या व्हेटनं, 1930 च्या दशकाच्या शेवटी, मॉरिस फ्रँक या अंध माणसाच्या बडी नावाच्या गाइड डॉगच्या किडन्या बिघडल्या तेव्हा. 1948 मध्ये ते डबे हिल पॅकिंग कंपनी बनवायला लागली आणि डॉक्टरनं लिहून दिलेलं महाग फूड हा प्रकार तिथून आला.

महाग म्हणजे सेफ, हा समज 2007 मध्ये चांगलाच हलला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातलं प्रोटीन) मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते केमिकल मिसळलेलं निघालं, कारण प्रोटीनची टेस्ट नुसता नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये तो भरपूर, आकडा मस्त येतो. कुत्र्यामांजरांच्या किडन्या गेल्या. उत्तर अमेरिकेत एकाच उत्पादकानं 6 कोटी डबे आणि पाऊच परत बोलावले आणि त्यात स्वस्त आणि महाग, सगळ्या प्रकारचे ब्रँड होते, कारण माल एकाच ठिकाणी भरला जात होता! घरचं खाणं आणि रॉ फूड याकडे लोक त्यानंतर आणखी वळले. पण घरचं म्हणजे बरोबर असं पण नाही, 2013 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या व्हेट्सनी घरी करायच्या 200 रेसिपी तपासल्या तर 95 टक्क्यांत एकतरी गरजेचा घटक कमी निघाला.

मग निवडायचं कसं? किंमत किलोवर बघू नका, कॅलरीवर बघा. डब्यातल्या ओल्या फूडमध्ये पाऊण हिस्सा पाणी असतं, 100 ग्रॅममध्ये साधारण 100 कॅलरी, आणि किबलमध्ये 350 ते 400, त्यामुळे दोघांच्या पाकिटाची किंमत शेजारी ठेवून काहीच कळत नाही. 10 किलोच्या, न्यूटर (नसबंदी) केलेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात आणि 40 किलोच्याला 1,800 च्या आसपास, म्हणजे वजन चौपट पण खाणं तिपटीपेक्षा कमीच. लेबलवर 'कंप्लीट' लिहिलंय का ते बघा, नसेल तर ते जेवण नाही, खाऊ आहे. आणि नावाला भुलू नका, अमेरिकन नियमांत 'चिकन डिनर' म्हटलं तर 25 टक्के चिकन पुरतं आणि 'विथ चिकन' म्हटलं तर फक्त 3.